बिननंबरी भोट्या

फौजेत कुत्र्यांच्या दोन जाती असतात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड या अर्थाने म्हणत नाही. पहिली जात नंबरवाली. मेरठच्या आरव्हीसी सेंटरमध्ये ट्रेनिंग घेतलेली. स्वतःचा आर्मी नंबर, स्वतःचा हँडलर, स्वतःचं रेशन असलेली. यांच्यातली मानसी २०१५ साली तंगधारमध्ये घुसखोरांना अडवताना आपल्या हँडलरसोबत गेली. झूम २०२२ साली अनंतनागला दोन गोळ्या खाऊनही झुंजत राहिला आणि काही दिवसांनी श्रीनगरच्या आपल्याच इस्पितळात गेला. यांची नावं कागदावर येतात, यांना सलामी मिळते, आणि ती मिळायलाच हवी.

दुसरी जात बिननंबरी. ही प्रत्येक पोस्टवर असते. कुठून आली कोणाला ठाऊक नसतं. कुठल्याही रजिस्टरमध्ये हिची नोंद नसते, पण सकाळच्या फॉल-इनला ही सगळ्यांत आधी हजर असते. लंगर कमांडर तोंडाने शिव्या देतो आणि हाताने रोटी टाकतो. जवान हिला परस्पर रँक देऊन टाकतात. मी सुभेदार मेजर नावाची कुत्री पाहिली आहे, आणि लान्स नाईकपदावरून 'डिमोट' झालेला कुत्राही पाहिला आहे. त्याने सीओ साहेबांच्या बुटावर पाय वर केला होता.

आज लिहितोय तो या दुसऱ्या जातीतल्या एकाबद्दल. गढवालच्या पोस्टिंगमध्ये तो दोन वर्षं माझ्याबरोबर डोंगर चालला. युनिटचं नाव आणि नेमकं साल सांगत नाही. फौजी वाचकांना त्याची गरज नाही आणि इतरांना त्याचा उपयोग नाही.

सह्याद्रीत वाढलेल्यांना डोंगरातला कुत्रा काही नवा नाही. राजगड असो, तोरणा असो, पायथ्याच्या वाडीतून एखादा कुत्रा आपल्यामागे निघतो. आपण बोलावत नाही, तो विचारत नाही. पार्ले-जीच्या दोन बिस्किटांच्या बोलीवर बालेकिल्ल्यापर्यंत येतो, आपण दमलो की पुढच्या वळणावर बसून वाट बघतो आणि उतरल्यावर निरोप न घेता घरी जातो. एनडीएत असताना सिंहगडच्या वाऱ्या आमच्या नशिबी बऱ्याच आल्या, बहुतेक शिक्षा म्हणून. त्या वाटेवरही असे सोबती मिळायचे. शिक्षा आम्हाला असायची आणि सहल त्यांची. तेव्हा एवढंच वाटायचं की हा बिस्किटाचा सौदा आहे.

हिमालयात गेल्यावर हा सौदा बदलतो. तिथे रात्री बिबट्या असतो.

जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर. त्याच्या डोक्यावर औली, औलीच्या वर गोरसोंचं बुग्याल. बुग्याल म्हणजे झाडांची रेषा संपल्यावर लागणारं उंचावरचं कुरण. तिथून पुढे कुआरी पासकडे वाट जाते. आकाश स्वच्छ असलं की या धारेवरून समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी दिसते, अलीकडे द्रोणागिरी, उत्तरेला कामेत. हा सगळा भाग अलकनंदेच्या खोऱ्यातला. याच नदीकाठी खाली रुद्रप्रयाग आहे. सव्वाशे माणसं मारल्याची नोंद असलेला तिथला बिबट्या जिम कॉर्बेटने १९२६च्या मे महिन्यात टिपला. माणूस खाणारा बिबट्या विरळाच; पण कुत्रा खाणं हा गढवालमधल्या बिबट्याचा नित्यक्रम आहे. कुत्रं त्याला सोपं पडतं. ते भुंकून स्वतःचा पत्ता सांगतं आणि बोकडासारखं गोठ्यात बंद नसतं.

म्हणून इथल्या मेंढपाळांचे कुत्रे गळ्यात लोखंडी पट्टा घालतात. गावच्या लोहाराकडून करून घेतलेला, बाहेरच्या बाजूला टोकदार खिळे काढलेला. बिबट्या गळा धरतो; पट्टा असेल तर त्याच्या जबड्यात आधी लोखंड येतं. हे कुत्रे भोटिया जातीचे: दांडगे, बहुधा काळे, छातीवर किंवा पायांवर तांबूस-पांढरे ठिपके, शेपटी पाठीवर वळलेली आणि अंगावर दुहेरी केस. मेंढरं हाकणं हे त्यांचं मुख्य काम नव्हे. रात्रभर जागून कळपाभोवती पहारा देणं हे त्यांचं काम. आमच्या भाषेत, संत्री ड्युटी.

आमचा भोट्या अशाच एका कळपाचा. ऑक्टोबरमध्ये कळप बुग्यालांवरून खाली उतरतात. त्या वर्षी एका पालसीचा, म्हणजे तिथल्या मेंढपाळाचा, वर्ष-दीड वर्षाचा कुत्रा मागच्या पायाने लंगडत होता. दरड उतरताना दगड लागला होता. कळप थांबू शकत नव्हता. पालसीने त्याला आमच्या लंगरजवळ आणून बसवलं आणि म्हणाला, "साहब, बचेगा तो आपका, नहीं बचेगा तो पहाड़ का." आमच्या नर्सिंग असिस्टंटने पाय बांधला. माणसांवर चालणारे सगळे उपाय त्याने त्या पायावर केले आणि पाय तीन आठवड्यांत टेकायला लागला. जवान त्याला 'भोटिया' म्हणायचे. माझ्या साताऱ्याकडच्या जिभेवर त्याचं भोट्या झालं. पुढे बिहारपासून केरळपर्यंतची सगळी पोरं त्याला भोट्याच म्हणू लागली. मराठी भाषेच्या प्रसाराला माझ्याकडून झालेली एवढीच मदत.

पुढच्या मे महिन्यात तोच पालसी कळप घेऊन वर आला. मला वाटलं, आता हा घेऊन जाणार. भोट्याने त्याला ओळखलं, शेपटी हलवली, मेंढरांत एक चक्कर मारली आणि परत येऊन माझ्या बुटाजवळ बसला. पालसी बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "अब ये भेड़ के काम का नहीं रहा. आदमी के पीछे चलने लगा है." त्याने झोळीतून लोखंडी पट्टा काढला, माझ्या हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत. आपल्या जमिनीचा सात-बारा दुसऱ्याच्या हाती द्यावा तसा त्याचा चेहरा होता. तो पट्टा मी रोज संध्याकाळी भोट्याच्या गळ्यात बांधू लागलो. सूर्य डोंगराआड गेला की पट्टा, आणि रात्री लंगरच्या खोलीत आत. दुसऱ्या हिवाळ्यात खालच्या वस्तीतला एक कुत्रा बिबट्याने अंगणातून उचलला. सकाळी बर्फात फक्त ओढल्याची रेघ होती. त्यानंतर पट्ट्याची आठवण मला कधी कोणी करून द्यावी लागली नाही.

डोंगरात कुत्रा बरोबर असला की काय काय बदलतं, ते सांगतो. हल्ली बरीच तरुण मंडळी कुत्रा घेऊन हिमालयात येतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, उंची. आम्हाला नियम असतो: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० वर चार, त्याच्या पुढे आणखी चार. मगच काम. माणसाचं डोकं दुखलं की तो सांगतो. कुत्रा सांगत नाही. मैदानातून गाडीत घालून आणलेला कुत्रा उंचीवर खात नाही, मागे पडतो, आणि मालक म्हणतो, 'आज मूड नाही त्याचा.' भोट्यासारखा तिथेच जन्मलेला कुत्रा वेगळा आणि पुण्याहून आलेला लॅब्रॅडॉर वेगळा.

दुसरी, पाय. ओल्या बर्फात कुत्र्याच्या बोटांमधल्या केसांना बर्फाच्या गाठी चिकटतात आणि तो लंगडू लागतो. दर थांब्याला त्या बोटांनी फोडायच्या. आम्ही ते केस कापायचो आणि पंजांना लंगरमधलं तूप लावायचो. भोट्या ते तूप चाटून टाकायचा. म्हणून लावल्यावर दहा मिनिटं त्याच्याशी गप्पा मारायला एक माणूस तैनात असे.

तिसरी, अस्वल. कुत्रा पुढे पळतो, झाडीत अस्वल उठवतो आणि मग अस्वलाला मागे घेऊन थेट आपल्याकडेच धावत येतो, कारण त्याच्या दृष्टीने सुरक्षित जागा म्हणजे आपण. जंगलाच्या पट्ट्यात दोरी हातात हवी. उलट, अरुंद आडव्या वाटेवर दोरी मनगटाला कधीच गुंडाळायची नाही. एक घसरला तर दोघं जातात.

आणि चौथी, सगळ्यांत कमी बोलली जाणारी. कुत्रा डोंगरात निष्पाप नसतो. कस्तुरीमृग, भरल यांच्या मागे तो लागतो. मोकाट सोडलेल्या कुत्र्यांनी हिमालयात बऱ्याच ठिकाणी वन्य प्राण्यांचं जगणं अवघड केलं आहे, आणि त्यांत लष्करी तळांच्या उष्ट्यावर वाढलेलेही आहेत. म्हणून कचरा झाकणं, लसी टोचणं, पिल्लावळ रोखणं हीसुद्धा कुत्र्यावरची मायाच. व्हॅली ऑफ फ्लॉवर्ससारख्या जागी कुत्र्याला नेता येत नाही, आणि ते योग्य आहे.

आता माणाबद्दल. बद्रीनाथच्या पुढचं, साधारण ३,२०० मीटरवरचं हे गाव. पूर्वी पाटीवर 'भारताचं शेवटचं गाव' असं लिहिलेलं असे, आता 'पहिलं गाव' म्हणतात. पांडव स्वर्गाला निघाले ते याच वाटेने, अशी इथली श्रद्धा. सरस्वती नदीवर भीमाने टाकलेली शिळा म्हणजे भीमपूल, पुढे पाच-सहा किलोमीटरवर वसुधारा धबधबा, त्याच्याही पलीकडे सतोपंथ तलाव आणि मग स्वर्गारोहिणी. त्याच नावाचं आणखी एक शिखर उत्तरकाशी जिल्ह्यात हर-की-दूनच्या बाजूला आहे, पण हे माणावाल्यांसमोर बोलू नये.

जून महिन्यातल्या एका रविवारी भोट्या आणि मी वसुधाऱ्याला निघालो होतो. गावात एक आजी दारात बसून लोकर कातत होत्या. त्यांनी मला चहा दिला, भोट्याला अर्धी रोटी दिली, आणि त्याच्याकडे निरखून म्हणाल्या, "युधिष्ठिर जी के साथ जो गया था ना, वो भी यहीं का रहा होगा. मैदान का कुत्ता इतना ऊपर कहाँ चढ़ता है!"

महाभारतात तो कुत्रा हस्तिनापुरापासून मागे येतो. पण आजींना हे सांगण्याची हिंमत मला झाली नाही. शिवाय त्यांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या पटण्यासारखं होतं. हस्तिनापुराहून थेट आलेल्या कुत्र्याचं अ‍ॅक्लमटायझेशन कोणी केलं असेल?

वसुधाऱ्याची ख्याती अशी की पापी माणसाच्या अंगावर त्याचे तुषार पडत नाहीत. आमच्या दोघांच्याही अंगावर पडले. भोट्याने अंग झाडलं तेव्हा त्याच्या वाटचं पुण्यही माझ्या अंगावर आलं. तिथे एका खडकावर बसून डबा खाताना ती गोष्ट मी पहिल्यांदाच नीट, एखाद्या ऑपरेशनसारखी डोळ्यांपुढे आणली. सहा माणसं आणि एक कुत्रा चढताहेत. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. भीम प्रत्येक वेळी विचारतो, ही का पडली, हा का पडला. युधिष्ठिर कारण सांगतो आणि मागे न बघता चालत राहतो. आणि सर्वांत वर, इंद्राचा रथ समोर उभा असताना, हाच माणूस कुत्र्याला सोडून रथात चढायला नकार देतो.

फौजी माणसाला ही गोष्ट लहानपणी आवडते आणि मोठेपणी टोचते. आम्हाला शिकवलेलं वेगळं असतं: पडलेल्याला मागे सोडायचं नाही. डेहराडूनला आयएमएत, चेटवुड हॉलमध्ये, कमिशन घेणाऱ्या प्रत्येकासाठी क्रम कोरून ठेवला आहे: आधी देश, मग तुझी माणसं, तू स्वतः सर्वांत शेवटी. या उतरंडीत कुत्रा कुठे बसतो? देशाच्या वर नाही, माणसांच्या वर नाही. पण माझ्या स्वतःच्या वर की खाली? युधिष्ठिराने उत्तर दिलं ते याच प्रश्नाचं, असं मला त्या खडकावर वाटलं. भावंडांसाठी तो का थांबला नाही हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण कुत्र्यासाठी त्याने पणाला लावलं ते स्वतःचं सुख होतं, दुसऱ्या कोणाचं नाही. न बोलावता जो मागे आला, त्याच्या येण्याची जबाबदारी त्याने आपल्या अंगावर घेतली.

जेवता जेवता केलेला विचार म्हणून मी हे सोडून दिलं असतं. पण पुढच्या मार्चमध्ये औलीच्या वरच्या धारेवर तो पुन्हा समोर उभा राहिला.

ट्रेनिंग मार्च होता. मी, आमचे गढवाली सुभेदार साहेब, एक नवा लेफ्टनंट आणि सात जवान. भोट्या अर्थातच. दोन दिवस बर्फ पडून आदल्या दिवशी उघडलं होतं. दुपारी आम्ही एका घळीच्या काठावर आलो. घळ आडवी ओलांडली की पलीकडे पंधरा मिनिटांत मुक्कामाची जागा. न ओलांडता धारेवरून वळसा घालायचा तर चार तास, आणि अंधार पडण्याआधी पोहोचू याची खात्री नाही. लेफ्टनंट पुढे होता. त्याने पाऊल टाकण्याआधी नेहमीप्रमाणे भोट्या घळीत उतरेल असं आम्हाला वाटलं. तो कडेला आला, नाक खाली केलं आणि बसला. हाक मारली तरी उठला नाही. कुईं कुईं असा बारीक आवाज काढून माझ्याकडे बघत राहिला.

जवान हसले. "साहब, भोट्या का यूनियन हड़ताल पर है."

मी थांबलो. आणि थांबलो म्हणून पाहिलं. उतार आग्नेयेला तोंड करून. सकाळपासून ऊन खात असलेला. कोन मोजला तर पस्तीस अंशांच्या आसपास; ज्यांनी गुलमर्गच्या 'हॉज'मध्ये कोर्स केला आहे त्यांना तीस ते पंचेचाळीस या आकड्यांचा अर्थ सांगायला नको. नवा बर्फ. वरच्या बाजूने बर्फाच्या छोट्या छोट्या गोळ्या आपोआप घरंगळत येत होत्या. काठी खुपसली तर वरचा थर ओला आणि जड, खालचा भुसभुशीत. सुभेदार साहेबांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त धारेकडे बघत होते. मी वळसा घालायचा हुकूम दिला.

आम्ही साडेचार तासांनी पोहोचलो, शेवटचा तासभर हेडटॉर्च लावून. दोघांच्या पायांना फोड आले, चहा उशिरा झाला आणि रेडिओवर मला दोन वेळा उशिराचं कारण विचारण्यात आलं.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या घळीत हिमस्खलन झालं असेल. नाही झालं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. बर्फ हळूहळू वितळला आणि मे महिन्यात त्या घळीत गवत उगवलं. घळ ओलांडली असती तर आम्ही बहुधा पंधरा मिनिटांत पलीकडे गेलो असतो. भोट्या का बसला हेही मला ठाऊक नाही. त्याला बर्फाखालचं काही कळलं असेल. कदाचित पंजात गाठी झाल्या असतील. कदाचित नुसती भूक लागली असेल.

रात्री तंबूत लेफ्टनंटने विचारलं, "सर, निर्णय आपण घेतला की भोट्याने?" प्रश्नात थोडा खोडसाळपणा होता, आणि तो त्या वयात असावाच.

मी म्हणालो, "निर्णय माझा. तो बसला म्हणून मला बघायला दोन मिनिटं मिळाली, एवढंच."

"पण काही झालंच नाही, सर."

"नाही झालं. आणि ओलांडून गेलो असतो तर तू आयुष्यभर पस्तीस अंशांचे उतार दुपारी ओलांडले असतेस."

हे त्याला सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही, ती इथे लिहितो. मी पुढे गेलो असतो तर भोट्या आला असता. दोन पावलं मागे राहून, कुईं कुईं करत, पण आला असता. स्वतःला जे कळत होतं ते बाजूला ठेवून, केवळ मी पुढे आहे म्हणून. आणि ती नऊ माणसंही तशीच आली असती. सुभेदार साहेबांना माझ्यापेक्षा पंधरा वर्षं जास्त बर्फ ठाऊक होतं. तेही एक शब्द न बोलता आले असते. जवान हुकुमाने येतो म्हणतात. हुकूम असतोच, पण पस्तीस अंशांच्या उतारावर माणूस नुसत्या हुकुमाने पाऊल टाकत नाही. तो भरवशाने टाकतो. पुढे चालणाऱ्याला मागच्यांचे पाय दिसत नाहीत. त्या दिवशी एका कुत्र्याने बसून मला मागे बघायला लावलं.

पोस्टिंग ऑर्डर ऑगस्टमध्ये आली. पुणे. घरी आनंद, आणि फोनवर नऊ वर्षांच्या मुलीचा पहिला प्रश्न, "बाबा, भोट्याला आणताय ना?"

कागदोपत्री अडचण काहीच नव्हती. बिननंबरी असण्याचा तोही एक फायदा. रेल्वेने आणता आला असता. क्वार्टरला अंगण होतं. पण मला एप्रिल दिसत होता. चाळीस अंशांच्या आसपासचं ऊन, भोट्याच्या अंगावर दुहेरी केस, फाटकाला साखळी, संध्याकाळी पट्टा धरून कॉलनीला एक फेरी. रात्रभर जागून पहारा देण्याच्या त्याच्या हाडात मुरलेल्या सवयीवर शेजारच्या बिल्डिंगमधून येणाऱ्या तक्रारी. त्याला सोडायचं नाही म्हणून मी त्याचा डोंगर त्याच्यापासून सोडवणार होतो.

मुलीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण तो तुमची वाट बघेल ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. युधिष्ठिराला निदान रथ समोर उभा होता आणि प्रश्न सरळ होता: कुत्र्यासह की कुत्र्याशिवाय. माझ्यापुढे दोन्ही बाजूंना सोडणंच होतं. त्याच्याजवळ मी नाही, किंवा त्याच्याजवळ डोंगर नाही. यांतलं माझ्या सुखाचं कोणतं ते मला स्वच्छ कळत होतं. म्हणून दुसरं निवडलं.

माझ्या जागी आलेला मेजर तामिळनाडूचा, अतिशय हुशार आणि कुत्र्यांना घाबरणारा. लहानपणी चावलेला होता. पहिल्या दिवशी भोट्या दारात दिसला तेव्हा तो ब्रीफिंगसाठी खिडकीतून आत यायच्या बेतात होता. आठवडाभर आमचं हँडिंग-टेकिंग ओव्हर चाललं. स्टोअर, नकाशे, गाड्या, फाइली. नोटच्या शेवटी मी एक परिच्छेद जोडला. बिननंबरी कुत्रा एक, नाव भोट्या. सूर्यास्ताला लोखंडी पट्टा बांधणे. रात्री आत. रेबीजची लस दर वर्षी, तारीख सोबत. थांब्यावर पंजे बघणे. बसला तर थांबून बघणे.

त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

"सगळ्यांत महत्त्वाचं कलम," मी म्हणालो. तो हसला नाही. त्याने सही केली.

तिसऱ्या संध्याकाळी मी त्याच्या हातात पट्टा दिला. हात थरथरत होते, पण त्याने बांधला. बक्कल उलटं लागलं. भोट्या मान वर करून, डोळे किलकिले करून, शिकाऊ न्हाव्यापुढे बसल्यासारखा धीराने बसून राहिला. दुसऱ्या प्रयत्नात नीट लागलं. पाचव्या दिवशी दोघं मागच्या धारेवर जाऊन आले. मेजर घामाघूम होता आणि आवाज चढवून सांगत होता की वाटेत एका वळणावर भोट्या त्याची वाट बघत थांबला होता.

माझी गाडी सकाळी सहाला निघायची होती. सुभेदार साहेब, जवान, लंगर कमांडर, सगळे उभे होते. नव्या मेजरचं त्या दिवशी वरच्या पोस्टला पहिलं जाणं होतं, म्हणून त्याची तुकडीही त्याच वेळी निघत होती. भोट्या दोन्हींच्या मध्ये उभा. एका बाजूला गाडीचं उघडं दार, दुसऱ्या बाजूला पाठीवर ओझी घेतलेली दहा माणसं. तो माझ्याजवळ आला, बुटाचा वास घेतला. मी खाली वाकून त्याच्या कानामागे खाजवलं. तेवढ्यात वाटेवर पहिल्या जवानाचा बूट वाजला.

भोट्याने कान टवकारले आणि तुकडीच्या मागे निघाला. चार उड्यांत तो सगळ्यांना मागे टाकून पुढे गेला. देवदारांच्या वळणापर्यंत मला त्याची पाठीवर वळलेली शेपटी दिसत होती. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

मी हाक मारली नाही. ड्रायव्हरला म्हणालो, "चलो."